काळीज त्या फोटोतच होतं

भातकुली केव्हाच मागे पडली होती, आणि शालूने अजून तोंड उघडलं नव्हतं. पौषातला रविवार. ऋणमोचनच्या यात्रेला निघालेले ऑटो आमच्या अंगावर धूळ उडवत जात होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरी वाळून खडखडत होत्या. मी अनवाणी चालले होते. माझी लेक अवनी पहिलटकरीण आहे. ती सुखरूप सुटावी म्हणून मी ऋणमोचनच्या मुद्गलेश्वराला नवस बोलले होते, भातकुलीपासून पायी येईन. शालू माझ्या चार पावलं पुढे. पायांत तिच्या लेकीचे पांढरे बूट, पदर कमरेला खोचलेला, कुणाशी तरी भांडायला निघाल्यासारखी.

"हळू चाल ना, शालू. मला खडे टोचतात."

"मंग देवाले म्हन ना, रस्ता झाडून ठेव म्हनाव."

"तुला देव नाही, धर्म नाही. आलीस कशाला मग?"

"धर्म हाये वं मले, तुह्या देवाची गरज नाही त्याले." ती मागे वळलीही नाही. "चालाले आली मी. बसली का डोकं फिरते माहं. अन् तू एकटी कुठी पडली-झडली त तुहे भटजी मलेच इचारतीन."

तुहे भटजी म्हणजे माझे यजमान, कमलाकांत. पूजा सांगतात. शालू त्यांच्या तोंडावरही भटजीच म्हणते आणि ते हसतात.

मी नवसासाठी चालले होते हे खरं, पण शालूला सोबत घेतलं होतं ते दुसऱ्याच कामासाठी. अवनीचे दिवस भरत आले होते, आणि तिच्या बाळंतपणात शालू यायला हवी होती. शालूने काम सोडून वर्ष होत आलं. कितीतरी घरची माणसं तिच्या दारावरून परत गेली. मी घरी जाऊन विचारलं असतं तर मलाही चहा पाजून परत पाठवलं असतं. रस्त्यात ती मला सोडून कुठे जाणार होती?

शालू बाळंतिणींची मालीश करते. करायची. तिची आई मैनाबाई हेच करायची. अर्ध्या अमरावतीची पोरं मैनाबाईच्या पायांवर पालथी पडून न्हायली आहेत. मीही, माझी अवनीही. आमच्या सासूबाई मैनाबाईला मागच्या दाराने न्हाणीत घ्यायच्या आणि तिचा चहाचा कप वेगळा, खिडकीत उपडा. शालू आणि मी नगरपालिकेच्या मराठी शाळेत एका बाकावर होतो. अवनी तान्ही असतानाच आईचं काम तिने हाती घेतलं, तेव्हा पहिल्याच दिवशी तिने सासूबाईंना सांगितलं, "मी पुढच्या दारानं येईन, नाही त येनार नाही. लेकरू तुमचं हाये, इचार तुमी करा." सासूबाईंनी विचार केला. तिच्या हातासारखा हात गावात नव्हता. पुढचं दार उघडलं.

ती बाळंतिणीशी गोड बोलायची नाही. दाबायची, दटावायची, रडवायचीसुद्धा. आमच्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना बाजेवरून उतरू देत नाहीत. बाजेखाली शेगडी, कानाला फडकं, पाणी उकळून आणि तेही घोट घोट, कारण जास्त प्यालं तर पोट सुटतं म्हणतात. हिंदू असो, बौद्ध असो, या बाबतीत सगळ्यांचं एकच शास्त्र. आणि या शास्त्रात शालू सगळ्यांत कडक. "पाय खाली टेकला त याद राख," हे तिचं वाक्य बाळंतिणी म्हाताऱ्या झाल्या तरी विसरत नाहीत.

तिची एकुलती एक लेक नीलम. बी.कॉम. झाली, अकोल्यात दिली. जावई ललित डाळमिलमध्ये सुपरवायझर, मुलगा सरळ. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून नीलम सातव्या महिन्यातच आईकडे आली. सिझेरियन झालं, मुलगी झाली. दवाखान्यात सिस्टर म्हणायची, "उठवा, चालवा." शालू हो हो म्हणायची. घरी आणल्यावर तिने लेकीला बाजेवर टाकलं आणि तिच्या आईने जे केलं ते सगळं केलं, जास्तच केलं. जगाच्या लेकींना जो हात लावला तो स्वतःच्या लेकीला लावताना कमी कसा पडू देणार?

नीलमचा डावा पाय सुजला. एकच पाय. पोटरी कडक, गरम, कातडी चकचकीत. शालू म्हणाली, वात उतरला. तेलात लसूण आणि ओवा कढवला आणि खालून वर, घोट्यापासून मांडीपर्यंत, अंगठा रोवून चोळायला बसली. सकाळी आणि संध्याकाळी. नीलम ओरडायची, "आई, सोड वं, जीव जाते माहा." शालू म्हणायची, "दुखते म्हंजे निघून राह्यलं थे." आम्ही गल्लीतल्या बायका शेजारी बसून बाळाला खेळवत होतो आणि शालूच्या हाताची वाहवा करत होतो.

टाके काढायला नेलं तेव्हा शालूने तिथल्या डॉक्टरांना सांगितलं, पाय सुजला आहे. त्यांनी साडी घोट्याच्या वर करायला सांगितली नाही. दुसरा पाय शेजारी ठेवून पाहिला नाही. "बाळंतपणात येते सूज," असं म्हणून पुढच्या बाईला आत बोलावलं. एक हात लावला असता तर! मी हे लिहितानाही दात आवळून लिहिते आहे.

नामकरणाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, खीर वाटली, बाळाचं नाव ठेवलं. नीलम बाळाला घेऊन बाजेवरून उठली, दोन पावलं टाकली आणि थांबली. मी समोरच होते. तिने तोंड उघडलं ते बोलायला नाही, हवा घ्यायला. ओठ निळसर पडले. मी बाळ झेललं आणि ती सतरंजीवर बसली ती कलंडलीच.

गल्लीतल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, अशक्तपणा. एकीने लिंबू आणलं, एकीने दृष्ट काढायला मिरच्या. शालूचा नवरा श्रावण, वीज मंडळातला, कधी आवाज न चढवणारा माणूस. तो ओरडला, "सरका सगळ्या!" आणि लेकीला उचलून रिक्षात घातलं.

ज्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं त्याचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक त्या एकाला शिव्या देऊन मोकळे होतात, आणि आपल्या गल्लीजवळच्या हॉस्पिटलात निर्धास्त जातात. तिथे त्यांनी छातीचा सीटी केला, हाताच्या शिरेतून औषध सोडून. ते बरोबर केलं, हे मी नाकारत नाही. रिपोर्ट आला. डॉक्टरांनी आम्हाला बोलावून सांगितलं, फुफ्फुसांच्या नळ्यांत रक्ताच्या गाठी अडकल्या आहेत. पायात तयार होतात, तिथून सुटून वर जातात. पोटात इंजेक्शनं देऊ. बीपी चांगला आहे, काळजीचं कारण नाही. साध्या वॉर्डात ठेवू.

शालूने त्यातलं एकच ऐकलं. पायातून सुटून वर जातात. तिने आपले हात पदरात गुंडाळले.

वॉर्डात नीलम बाथरूमपर्यंत जायची ती भिंत धरून. येऊन पडली की उरात धडधड नुसती, कपड्यावरून दिसायची. शालू सिस्टरला म्हणे, "हिचं काळीज पाहा न वं बाई, कसं उडून राह्यलं." सिस्टर पट्टा बांधून बघायची. "बीपी नॉर्मल आहे, मावशी." परत सांगितलं, परत पट्टा. शेवटी ती सिस्टर शालूला पाहिलं की दुसऱ्या बाजूने जायची.

आणि मग अकोल्याहून विहीणबाई आल्या. पार्वताबाई. वॉर्डाच्या दारातूनच सुरू झाल्या.

"सून धडधाकट पाठवली होती आमी. काय करून ठेवलं हे?"

"पाठवली होती त नऊ महिने काहून नाही ठेवून घेतली?" शालू उठून उभी राहिली.

"तुमच्या हाताचं लय नाव होतं ना, बाई? म्हने शालूबाईच्या हातचं बाळंतपण. पाह्यलं आता."

"पाह्यलं ना? आता घरी जा."

"सून घेऊनच जातो. आमच्या गावात काय दवाखाने नाहीत?"

"न्या! तिथं काय पुरनपोळी खाऊ घालान तिले?"

आजूबाजूचे पेशंट उठून बसले. ललित मध्ये पडून दोघींपुढे हात जोडत होता. डॉक्टर आले, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, पेशंट स्थिर आहे, नेऊ शकता. बसने नको, गाडीने न्या. इंजेक्शनं तिथेही मिळतात. एवढंच. लेक सासरी जाते तसा निरोप देऊन टाकला.

शालू हरली. ललित मित्राची गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर नीलम आडवी, तिचं डोकं शालूच्या मांडीवर. पार्वताबाई बाळाला घेऊन पुढे. मी नीलमच्या पायांशी दाटीने बसून बडनेऱ्यापर्यंत सोबत गेले आणि उतरले, तिथून पुढचं शालूने यात्रेच्या त्या दिवशी रस्त्यात सांगितलं. आधी कधीच नाही.

"मूर्तिजापूरले थांबलो," ती म्हणाली. आता ती माझ्या बरोबरीने चालत होती. "तिले लघवीले जायाचं होतं. उतरली. चार पावलं चालली असंन. मंग अशी पडली वं विमल, जसं कोनी धागा तोडला. मी तिथंच खाली बसून तिच्या तोंडावर पानी मारून राह्यली अन् हे ढाब्यावरचे लोक मोबाईल घेऊन उभे. तुले सांगतो, एकाच्या कानाखाली देल्ली मी."

"मग?"

"मंग काय. घरी नेतच नाही म्हनलं. सरळ दवाखान्यात."

अकोल्यात त्यांना एक डॉक्टरीणबाई भेटली. आत घेताच पहिलं विचारलं, सीटी झाला का? सीटीच्या फोटोंची पिशवी दिली. तिने आतला कागद बाजूला ठेवला, सीडी काढली, कॉम्प्युटरमध्ये घातली आणि उभ्या उभ्याच पाहायला लागली. एकेक चित्र पुढे सरकवत होती. मग थांबली. खुर्ची ओढून बसली. मग शालूला आणि ललितला जवळ बोलावलं.

"तिनं बोट ठेवून दाखवलं," शालू म्हणाली. रस्त्याच्या कडेला ती खाली बसली, एक काडी उचलली आणि धुळीत चित्र काढू लागली. एक गोल, त्याला चिकटून दुसरा गोल. "हे काळीज. ही उजवी बाजू, ही डावी. डावी अंगभर रक्त पाठवते, म्हनून थे मोठी पाह्यजे. उजवीनं नुसतं फुफ्फुसात ढकलाचं. पन फुफ्फुसाची वाट गाठींनी बंद. ढकलून ढकलून ढकलून थे उजवी अशी फुगली." तिने उजवा गोल पुसला आणि डाव्याच्या दुप्पट काढला. "अन् ही मधातली भिंत, हे अशी तिकडं दबली. डाव्या बाजूले जागाच नाही ठेवली. डॉक्टरीण म्हने, बीपीवर जाऊ नका. अंग शेवटपर्यंत बीपी धरून ठेवते, अन् मंग एकदम सोडून देते."

मागून आलेल्या ऑटोवाल्याने हॉर्न दिला. शालू हलली नाही. तो शिव्या देत बाजूने गेला.

"मी तिले इचारलं, बाई, हा फोटो कधीचा? म्हने परवाचा. म्हनलं, मंग हे काळीज परवाच फुगलं होतं का? तिनं परत एकडाव फोटो पाह्यला. मंग म्हने, हो. याच फोटोत आहे." शालूने काडी मोडली. "काळीज त्या फोटोतच होतं, विमल. कोनी दुसरीकडं शोधाले जायचं नव्हतं. छातीचा फोटो काढला त काळीज येतेच ना त्यात? असा फोटो पाह्यला का पेशंटले वॉर्डात ठेवत नाहीत, म्हने. मशीन लावून समोर ठेवतात. चालू त देतच नाहीत. अन् माही पोरगी भिंती धरून संडासले जाऊन राह्यली होती. तुले माहीत हाये, मी तिले काय म्हनत होती? जरा चालत जाय, बरं वाटंन."

त्या दिवशी संध्याकाळी नीलमचा बीपी खरंच एकदम पडला. पण यावेळी ती मशीनसमोर होती आणि माणसं तयार होती. गाठ विरघळवणारं औषध द्यायचं ठरलं. डॉक्टरीणबाईंनी लपवलं नाही: पोटावरची जखम अजून ओली आहे, रक्त जाऊ शकतं, नाही दिलं तर ती जाईल. संमतीच्या कागदावर सही करायला ललितच्या हातात पेन दिलं, तो आईकडे पाहायला लागला. पार्वताबाई म्हणाल्या, बाळंतीण आहे हो, रक्त गेलं तर काय राहील तिच्यात? शालू जावयाला म्हणाली, "लिहा. मेली त मेली. पन पाहत बसून मारू नका आता. लय जनांनी पाहत बसून झालं."

औषध दिलं. जखमेतून रक्त आलंच. रक्ताच्या पिशव्या चढवल्या. बाहेर दोघी विहिणी एका बाकावर बसून होत्या, एकमेकींशी अक्षर बोलत नव्हत्या. बाळ मात्र या मांडीवरून त्या मांडीवर जात होतं, आणि दूध पाजायची वाटी-चमचा दोघी न बोलता एकमेकींच्या हातात देत होत्या.

नीलम वाचली. आज ती अकोल्यात आहे, गोळ्या घेते, लेकीमागे धावते. मी अंबादेवीला साडी नेसवली तेव्हा शालूने विचारलं होतं, "तुही अंबाबाई त्या फोटोत काहून नाही दिसली कोनाले?" माझ्या देवीशी माझं जे बोलणं झालं ते माझ्यापाशी आहे, आणि त्यात रागही होता. पण एक गोष्ट मला झोपू देत नाही. ही मुलगी कोणाच्या हुशारीने वाचली नाही. दोन विहिणी भांडल्या म्हणून ती अमरावतीहून हलली, आणि हलली म्हणून तिचा फोटो दुसऱ्या कोणी पाहिला. त्या दोघी समजूतदार असत्या तर ती त्याच वॉर्डात, नॉर्मल बीपी घेऊन, गेली असती. मग आपण काय करायचं? प्रत्येक वॉर्डात एक भांडखोर विहीण नेऊन बसवायची?

नीलम घरी गेली त्या आठवड्यात शालू आणि मी ती फोटोंची पिशवी घेऊन अमरावतीच्या त्या डॉक्टरांकडे गेलो. तो माणूस उद्धट असता तर बरं झालं असतं. त्याने खुर्च्या दिल्या. चहा विचारला. म्हणाला, मुलगी बरी आहे ऐकून आनंद झाला.

"काळीज फुगलं होतं थे काहून नाही पाह्यलं तुमी?" शालूने बसता बसताच विचारलं.

"मावशी, गाठींचं निदान केलं होतं ना? इंजेक्शन चालू केलं होतं. ते चुकीचं होतं का?"

"नव्हतं. मी थे नाही इचारलं."

"रिपोर्टमध्ये हृदयाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं."

"फोटोत होतं ना?"

"फोटो वाचणारे डॉक्टर वेगळे असतात. बाहेरगावी बसून ऑनलाइन रिपोर्ट देतात. आम्ही रिपोर्टवर चालतो."

शालूने पिशवी टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "म्हंजे त्यानं गाठी पाह्यल्या अन् काळीज सोडून देल्लं. तुमी त्याचा कागद पाह्यला अन् फोटो सोडून देल्ला. तुमच्या सिस्टरनं बीपी पाह्यला अन् पोरगी सोडून देल्ली. पाहत त सगळेच होते."

तो लाल झाला. मला वाटलं, आता माफी मागेल. शिकलेला माणूस आहे, वय लहान आहे, अजून वाकता येत असेल. त्याने पेन टेबलावर ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "आणि तो पाय कोणी चोळला होता, मावशी?"

शालू उठली. पिशवी तिथेच राहिली, ती मी उचलली. तोवर ती जिना उतरून गेली होती. त्या दिवसापासून तिने तेलाची वाटी माळ्यावर टाकली.

मी त्या डॉक्टराला अजून माफ केलेलं नाही. रोज सकाळी दिवा लावते, सगळ्यांचं बरं कर म्हणते, आणि त्याच्यापाशी येऊन अडकते. त्याने विचारलं ते खोटं नव्हतं. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनाही शालूने स्वतः विचारलं होतं, माझ्या हाताने झालं का? त्या म्हणाल्या होत्या, सांगता येत नाही. चोळल्याने गाठ सुटू शकते, न चोळताही सुटते. पण असा पाय पुन्हा कधी चोळू नका, आणि बाळंतिणीला झोपवून ठेवू नका, पाणी तोडू नका. त्यांनीही तीच गोष्ट सांगितली. पण त्यांनी शिकवायला सांगितली आणि याने तोंड बंद करायला. हा फरक मला कळतो. मी फक्त मॅट्रिक आहे, पण हा फरक कळायला जास्त शिकावं लागत नाही.

एका बाभळीखाली आम्ही शिदोरी सोडली. भाकरी, ठेचा, आणि शालूने आणलेलं भरलं वांगं. मी विषय काढला.

"अवनीच्या वेळी तू येशील ना?"

"नाही."

"शालू..."

"नाही म्हनलं ना. मले ठाऊकच होतं, तू नवसाच्या नावानं मले फिरवून राह्यली."

"तुझ्याशिवाय कोणाला बोलावू?"

"कोनालेच नको बोलावू!" तिने भाकरी तशीच ठेवली. "कायले पाह्यजे वं तुमाले माहे हात? अजून पोट नाही भरलं? तुमीच त म्हनत होत्या, शालूचा हात, शालूचा हात. एका बाईनं मले म्हनलं नाही, शालू, एकच पाय काहून सुजला? दोन्ही सुजले असते त गोष्ट अलग होती. एकच काहून? इतकं साधं! मी नाही इचारलं, तुमी नाही, टाके काढनारानं नाही." तिचा आवाज चढला तशी रस्त्यावरची माणसं वळून बघू लागली. "थो डॉक्टर माह्या हातामागं आपले डोये लपवते. लपवू दे. त्याचं त्याच्यापाशी. पन मी त्याच्या डोयामागं माहे हात लपवू का? माह्या मायनं मले हे हात देल्ले, अन् मी त्यायनं माह्याच पोरीले..." पुढचं तिने गिळलं. "जेव गुमान."

जेवलो. पुढचा रस्ता ती परत माझ्या पुढेच होती. माझा राग आता तिच्यावरही होता. वाटलं, म्हणावं, तूही पाहत बसणार आहेस का मग? घरोघरी बाया अजून बाजेवर पडल्या आहेत, शेगड्या पेटल्या आहेत, पाणी मोजून मिळतं आहे, आणि ज्या एका बाईला आता सगळं कळलं ती बूट घालून रस्ता तुडवते आहे. पण म्हटलं नाही. आणि ऋणमोचनचा घाट दिसायला लागला तेव्हा माझ्या उजव्या पायात बाभळीचा काटा गेला, असा की मी मटकन खालीच बसले.

शालू परत आली. "झालं? भेटला देव?"

"काढ ना गं."

ती समोर उकिडवी बसली. हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. वर्षभरात तिने कोणाच्या पायाला हात लावला नव्हता, हे मला तेव्हा लक्षात आलं. पूर्णेकडून गार वारा येत होता, घाटावर भजन चाललं होतं. मग तिने माझा पाय मांडीवर घेतला. काट्याकडे पाहिलंच नाही आधी. माझं लुगडं पोटरीपर्यंत वर सारलं, दुसराही पाय ओढून शेजारी ठेवला आणि दोन्ही पोटऱ्या नुसत्या पाहिल्या. मग पालथा हात हलकेच एका पोटरीला लावला, मग दुसरीला. गरम आहे का, ते. माझ्या आयुष्यात शालूचा इतका हलका हात मी पाहिला नव्हता.

"सारखे हायेत," ती म्हणाली, आणि मग केसातली पिन काढून काटा उचकटला.

मी पाय झाडून उठले. देवळाकडे निघाले तर तिने माझा दंड धरला.

"विमल, ऐक. मालीश नाही करनार मी. तेल आननार नाही, शेगडी पेटवू देनार नाही. अवनी दवाखान्यातून आली का दुसऱ्या दिवशी मी तिले अंगनात चालवीन, तांब्याभर पानी पाजीन, तू अन् तुहे भटजी कितीबी बोंबला. अन् रोज सकाळी तिचे दोन्ही पाय उघडे करून, जवळ जवळ ठेवून मले पाहू देजो. नुसतं पाहू देजो. देशीन ना?"